मामाचं बट

एको : एवढंच सांग मामा, बाटल्या घेतल्या की नाही?

मामा : सांगतो. बट आधी जरा टेकू दे.

आई : तिथं नको टेकूस दादा, कोंबड्यांनी घाण करून ठेवलीय. नवं कापड आहे अंगावर. एको, ऐक. घेतल्या नाहीत आणि परतही दिल्या नाहीत. श्नॅप्स दारूच्या दोन्ही बाटल्या टेबलावर तशाच उभ्या आहेत आणि सगळे गेलेत म्हातारीला विचारायला.

एको : म्हातारीला? मग संपलंच.

आई : संपलं कशानं? म्हातारी कुठं असते रे खरी. मागच्या खोलीत जायचं, एकमेकांच्या कानाला लागायचं आणि बाहेर येऊन सांगायचं, म्हातारी असं असं म्हणाली बरं का. आपल्याकडे काय वेगळं करतात? तुझ्या थोरल्या मावशीच्या वेळी म्हातारी म्हणून मीच आत बसले होते, आणि तेव्हा मला धड डोक्याला फडकंसुद्धा बांधता येत नव्हतं.

एको : ते मला ठाऊक आहे. पण आज विचारायचं काय उरलंय? मी कोनादूला पसंत, कोनादू मला पसंत. आज नुसतं दार ठोठावायचं होतं. तुम्ही म्हणायचं आम्ही आलोय, ते म्हणणार का आलात, तुम्ही बाटल्या ठेवायच्या, ते कोनादूला तीनदा विचारणार घेऊ का, ती तीनदा हो म्हणणार. बाटली फुटली की झालं. नवऱ्या मुलानं आत पाऊल टाकायचं नसतं म्हणून मी इथं निंबाखाली गाडीला टेकून उभा, आणि तुम्ही आत काय करून बसलात कुणास ठाऊक.

मामा : बट चूक माझी नाही.

आई : चूक तुझीच आहे.

मामा : बट खोकायला कुणी सांगितलं होतं?

एको : खोकायला?

आई : मी सांगितलं होतं. तू पुढं बसून ड्रायव्हरशी फुटबॉलच्या गप्पा हाणत होतास, तेव्हा मी मागं याला शिकवत होते. सॉल्टपॉन्ड सोडल्यापासून इथं एजिसूपर्यंत दुसरं काही केलं नाही मी. दोन घास केंके खाल्लं नाही. तूच बजावलं होतंस ना, या घरात बैठकीला इंग्रजी चालत नाही म्हणून?

एको : मी नाही, कोनादूनं बजावलं होतं. तिची सेर्वाआत्या पितळी परात घेऊन बसते. पाहुण्याच्या तोंडातून एक इंग्रजी शब्द गेला की परातीत बाटलीचं एक झाकण टाकायचं. तेवढ्या सोड्याच्या बाटल्या पाहुण्यांनी घरातल्या पोराबाळांना पाजायच्या. तिथवर गंमत. पण परातीचा तळ झाकला की बैठक मोडली. घरचे कर्ते नाना अम्पोफो, त्यांचा हा नियम म्हणजे नियम. कोनादूला मागायला तो आक्राचा बँकवाला आला होता ना, त्याच्या काकानं रामरामातच अर्धी परात भरून टाकली. पाणीसुद्धा न पिता परत गेले बिचारे.

आई : आणि आपण तर फान्टे. आपण इंग्रजी तोंडी लावल्याशिवाय जेवतसुद्धा नाही, असं हे असांते लोक आपल्याला हसतात. आता तुझ्या मामाला मी पाळण्यात होते तेव्हापासून ओळखते. बाकीचं इंग्रजी हा गिळू शकतो. पण ते बट?

मामा : बट मी प्रयत्न करणार होतो.

आई : ऐक. बघितलंस? बिचकलेली शेळी ओरडते तसं येतं ते त्याच्या तोंडून. सकाळी उठून म्हणतो, बट उजाडलं. म्हणून मी म्हटलं, दादा, बट ओठावर आलं की तू नुसता खोक. खोकला काही इंग्रजी नाही. खोकला सगळ्यांचा सारखा.

एको : आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?

आई : माझं डोकं अगदी ठिकाणावर होतं. वाटेत असिन फोसू येईपर्यंत हा असा सुरेख खोकायला लागला की ड्रायव्हरनं काच वर केली. आत गेलो, बसलो, पाणी घेतलं, सगळं झ्याक. सेर्वाबाई झाकणांची पिशवी मांडीवर घेऊन टपून बसलेल्या. आणि परात कोरडी ठणठणीत. एक झाकण टाकायला मिळेना तसा त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मला तर हसू आवरेना.

एको : मग बिघडलं कुठं?

मामा : भाषण मी फार चांगलं बांधलं होतं. मी म्हटलं, नाना, आम्ही वाटसरू माणसं, वाटेनं चाललो होतो, तुमच्या अंगणात एक फूल पाहिलं.

आई : आणि खोकला.

मामा : कारण पुढं बट होतं. फूल पाहिलं, बट आम्ही चोर नाही, न विचारता खुडणार नाही. तिथं खोकावंच लागलं. मग म्हटलं, आमचा मुलगा गरीब आहे...

आई : खोकला.

मामा : ...कष्टाळू आहे. बिघडलेले फ्रीज दुरुस्त करतो. समुद्रकाठी राहतो...

आई : खोकला. हा खोकला मात्र लांब होता. नानांनी हातानंच खूण करून पाणी मागवलं.

मामा : बट ते वाक्यच लांब होतं. समुद्रकाठी राहतो, बट दारूच्या, बट जुगाराच्या, बट बोटीवरच्या पोरींच्या वाटेला जात नाही. तीन तीन बट एका दमात. ती सगळी एकाच खोकल्यात बसवायची म्हणजे काय खायचं काम आहे?

एको : बोटीवरच्या पोरी कुणी काढल्या मध्येच?

मामा : काढल्या नाहीत ना. खोकलो.

आई : आणि तेवढ्यात तुझी लाडकी कोनादू. तिला वाटलं असेल मदत करावी. औषधाच्या दुकानात काम करते ती, तिच्या पिशवीत काय कमी? आतून खोकल्याच्या औषधाची बाटली आणि चमचा पाठवून दिला. आता भरल्या बैठकीत होणाऱ्या सुनेनं औषध पाठवलंय, नाही म्हणता येतंय होय? दादानं घेतलं.

मामा : दोन चमचे घेतले. लाल होतं. अजून जीभ बधिर आहे.

आई : तिथंच सेर्वाबाईंनी परात बाजूला सारली आणि मला विचारलं, यांना हे कधीपासून? मी घाईघाईनं म्हटलं, छे छे, आज सकाळपासूनच. वाटलं, बरं सांगितलं. तर त्यांनी आपलं स्टूल ओढून माझ्यापासून लांब नेलं.

एको : आज सकाळपासून म्हणजे ताजा. ताजा म्हणजे लागेल.

आई : आता कळतंय मला. तेव्हा तोंडातून निसटलं. मग नानांनी घसा साफ केला आणि सगळ्यांनाच विचारलं. तुला माहीतच आहे, मुलगी द्यायच्या आधी कुठलंही घर हे विचारतंच. आपणही विचारलं असतं. तुमच्या घराण्यात छातीचा रोग कुणाला होता का?

एको : बरं मग? नाहीच ना कुणाला. नाही म्हणून सांगायचं.

आई : तेच तर. तुझा मामा उठून उभा राहिला. छाती काढून. भरदार आवाजात म्हणाला, नाना, आमच्या घराण्यात सात पिढ्यांत छातीचा रोग कुणालाही नाही. आणि एवढा खोकला, एवढा खोकला, की टेबलावरच्या बाटल्या हलल्या.

एको : मामा.

मामा : बट सवय. पुढं म्हणायचं होतं, छातीचा रोग नाही, बट गुडघे दुखतात सगळ्यांचे. खरं तेच सांगणार होतो. उगाच कशाला लपवायचं?

आई : हसतोस काय रे मेल्या? तुझं लग्न मोडतंय आणि तू गाडीवर डोकं ठेवून हसतोयस.

एको : मी हसत नाहीये आई. मला काय होतंय तेच कळत नाहीये. सात पिढ्यांत रोग नाही आणि लगेच... अरे देवा. कोनादू आत असेल ना? ऐकत असेल?

आई : ऐकलं असणारच. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

एको : झालं. आता ते आत काय बोलतायत मला इथून ऐकू येतंय. मामाला क्षय, भाच्याला उद्या क्षय, पोरं रोगट. फ्रीजवाल्याला सांगा दुसरं दार ठोठावायला.

आई : साधं आपलं 'पण' म्हणता येत नाही का रे तुला दादा? देवानं दिलाय ना आपल्याला तो शब्द? नाचता येईना अंगण वाकडं.

मामा : तुला नाही कळायचं आराबा. 'पण' म्हटलं की समोरचा बाह्या सरसावतो. बट म्हटलं की त्याला वाटतं, साहेब विचार करतोय.

आई : कुठला साहेब? तू दुभाषा होतास केप कोस्टच्या कोर्टात. साहेब समोर बसलेला असायचा.

मामा : बट त्याचं सगळं माझ्याच तोंडातून जायचं ना. जन्म गेला माझा त्यात. तुम्हाला वाटतं बट म्हणजे एकच. बटला किती घरं आहेत माहितीय? साहेब म्हणायचा, हा साक्षीदार सज्जन दिसतो, बट. एवढं म्हटलं की पुढचं मी सांगायच्या आधीच आरोपीची बायको जमिनीवर बसायची. ते मान उडवणारं बट. मग दुसरं, ऑल बट. फिर्यादी ऑल बट मेला, म्हणजे मेला नाही, मेल्यात जमा. त्याला समोर उभं केलं तर लोक त्याच्याकडे भूत बघितल्यासारखे बघायचे. मग आणखी एक, बट फॉर. बट फॉर तो नाला, चोर सापडला असता. म्हणजे सगळा दोष नाल्याचा, पोलीस मोकळा. मग वकिलांचं. त्याला अर्थच नाही. पुढचं सुचेपर्यंत नुसतं उभं राहायला जागा. आणि नो बट्स म्हणजे साहेबाला जेवायला जायचंय.

आई : आणि तुझं यातलं कुठलं?

मामा : माझी सगळीच. घरी येताना कोर्टातली हवा अंगाला चिकटून येते. इतरांनी कागद चोरले, शाई चोरली. मी एवढं एकच आणलं.

आई : आणलंस ते आणलंस, आज आत नेलंस ते वाईट केलंस. मी गाडीत म्हटलं नव्हतं का, आपल्या चर्चचे ते भजनमास्तर आहेत, गोड बोलतात, इंग्रजीचा वाराही नाही, त्यांना बसवू पुढं. तू मागं बस.

मामा : म्हटलंस.

आई : मग ऐकायला काय झालं होतं?

मामा : काही नाही झालं. अजून बोलाव. गाडी पाठव आणि बोलाव. मी ड्रायव्हरशेजारी बसतो. बट खरंच. घरात लाज आणणारा म्हातारा असला की त्याला गाडीतच ठेवावा.

आई : आता हा रुसला. एको, तू बोल काहीतरी. माझ्या जिभेला हाड नाही.

एको : मामा, इकडे बघ. भजनमास्तर माझा कोण?

मामा : कुणी नाही. बट बोलतो गोड.

एको : बाबा बोट घेऊन आबिजानला गेले ते तिकडचेच झाले. दुसरा मामा, क्वामेना, तोही वारला. शाळा सुटली की मला तू कोर्टात मागच्या बाकावर बसवायचास, आठवतं? मला तिथं झोप लागायची. कशानं? तुझ्या आवाजानं. माणसं रडायची, साहेब ओरडायचा, आणि तू मधूनमधून बट म्हणायचास. बट ऐकू आलं की मला कळायचं, मामा आहे अजून खोलीत. मी परत झोपायचो.

मामा : शिपाई तक्रार करायचा. पोरगा घोरतो म्हणून.

एको : आता ऐक. बोलावलं ना, तर खोकू नकोस. खरं ते सांग. खोकला नाही, रोग नाही, हे बट गिळत होतो म्हणून सांग.

आई : वेडा झालास? खरं सांगितलं तर म्हणतील लबाड माणसं, घरात शिरायच्या आधीच फसवायला बघतात. आणि तोंड उघडलं की बट येणार. परात भरणार. इकडे आड तिकडे विहीर.

एको : भरू दे. बटसकट बोल. त्यांना मामा असा चालत नसेल तर मीही चालत नाही त्यांना. तो काय मी वेगळा आहे?

आई : आणि कोनादू?

एको : ते मला विचारू नकोस आई. ती गेली तर मी काय करीन मला माहीत नाही. रडीन इथंच, या कोंबड्यांच्या घाणीत बसून. पण भजनमास्तराच्या तोंडून मागून आणलेली बायको घरात आली, की रोज मामाच्या ताटाकडे बघताना मला लाज वाटेल. ते नाही जमायचं.

मामा : बट...

एको : काय?

मामा : काही नाही. नुसतंच.

आई : श्श. हाक आली. दादा, तुला एकट्यालाच बोलावतायत. रोगाचं विचारायचं ते घरच्या कर्त्याला, बायकांना नाही. डोळे पूस आधी. कापड नीट कर. आत गेलास की खांद्यावरून उतरव आणि चपला बाहेर काढ, मघाशी विसरला होतास.

मामा : बट बोलू काय मी आराबा?

आई : आता उखळात डोकं घातलंयस, मुसळाला काय भ्यायचं. जा.

(मामा आत जातात. आई झडपांच्या खिडकीखाली पालथी बादली ठेवून तिच्यावर चढते. एको बादली धरतो.)

एको : काय दिसतंय?

आई : हलवू नकोस बादली. चपला काढल्या त्यानं. कापड उतरवलं खांद्यावरून. शाबास. नाना मध्ये बसलेत, सेर्वाबाई परात घेऊन बाजूला. स्टूल अजून लांबच आहे त्यांचं. आता नानांनी सांगितलं, म्हातारी म्हणते या पाहुण्याला आधी डॉक्टरकडे न्या. मग बोलू.

एको : आणि मामा?

आई : मामा म्हणाला, नाना, मला खोकला नाही.

एको : मग?

आई : मग म्हणाला, बट.

एको : आणि?

आई : टण्ण. ऐकू आलं ना तुला? सेर्वाबाईंचं तोंड बघ कसं उजळलं. पहिलं झाकण पडलं बाईचं. सकाळपासून वाट बघत होत्या.

एको : तू त्यांचं सोड, मामाचं सांग.

आई : सांगतोय तो. बहिणीनं शिकवलं म्हणतोय. माझं नाव घेतलं चक्क. टण्ण. मी सगळा वेळ ते एकच गिळत होतो म्हणतोय. टण्ण. टण्ण. अरे, अंगावर पाऊस यावा तसा सुटलाय हा. मघापासून जेवढी गिळली तेवढी सगळी एकदम बाहेर यायला लागलीत. गुडघ्यांचं सांगितलं. तुझ्या शाळेचं सांगितलं. बोटीवरच्या पोरींचंही सांगतोय वाटतं.

एको : देवा.

आई : टण्ण. आता नाना काहीतरी विचारतायत. हे बट म्हणजे नक्की आहे तरी काय, असं काहीसं. आणि हा त्यांना सांगायला लागला, मान उडवणारं बट, मेल्यात जमा करणारं बट. हाताचा सुरा करून मानेवरून फिरवून दाखवला. टण्ण. टण्ण. अरे याला कुणीतरी थांबवा. समजावून सांगायचं म्हणजे तो शब्द घ्यायलाच लागतो ना. प्रत्येक खेपेला झाकण पडतंय.

एको : परात किती भरली?

आई : दिसत नाही. सेर्वाबाई वाकून बसल्यात तिच्यावर. थांब. हे काय? कोण आहे ते तिकडं?

एको : शेजारच्या घरात जेवणाच्या फुफूसाठी कंद कांडायला घेतलेत.

आई : आत्ताच? यांना वेळ काळ आहे की नाही? त्या मुसळाच्या धपक्यात एक शब्द ऐकू येत नाहीये. जा, सांग त्यांना थांबायला.

एको : मी सांगू? मला इथं कुणी पाहिलेलंही चालत नाही. तू नुसतं बघून सांग.

आई : मामाचं तोंड हलतंय. नानांचे डोळे मिटलेत. आता... एको, नानांचे खांदे हलतायत.

एको : म्हणजे?

आई : म्हणजे काय मला काय माहीत. हसतायत किंवा रागानं थरथरतायत. किंवा त्यांना खोकला लागलाय. तोंड हातानं झाकलंय त्यांनी. सेर्वाबाईंनी पदर तोंडाला लावला. बाकीची माणसं मान खाली घालून बसलीत. कुणीच वर बघत नाहीये.

एको : मामा?

आई : मामा थांबला. नाना काहीतरी विचारतायत त्याला. छोटंसंच विचारलं. मामा खाली बघतोय. दे ना रे उत्तर, दादा. आता ओठ हलले त्याचे. थोडंसंच बोलला.

एको : परातीचं बघ.

आई : सेर्वाबाईंनी हातात झाकण उचललंय. वर धरलंय. टाकत नाहीयेत. नानांकडे बघतायत.

एको : मग? आई, मग?

आई : कुणीतरी झडप बंद केली.

एको : काय?

आई : माझ्या तोंडावर बंद केली. आतल्या कुण्या पोरीनं मला बघितलं आणि बंद केली. धर मला, उतरव खाली. पायात गोळा आला माझ्या. नाही रे बाळा, असा पांढरा नको पडूस. मुसळाचा आवाज आहे म्हणून शांत वाटतंय आत, तसं काही नसेल. बस तू. बस म्हणते ना. घाण असू दे.

एको : इतका वेळ लागतो का? आई, इतका वेळ चांगल्यासाठी लागतो की वाईटासाठी?

आई : तुझ्या मावशीच्या वेळी खूप लागला होता. आणि झालं ना तिचं. नवरा निघाला तसाच, ती गोष्ट वेगळी.

एको : आला. मामा आला.

आई : हातात काही आहे का? बाटल्या परत दिल्यात का? मला बघवत नाहीये, तू बघ.

एको : रिकामे आहेत हात.

आई : दादा, हात रिकामे का आहेत? बाटल्या कुठं आहेत?

मामा : एक आत आहे.

आई : आणि दुसरी?

मामा : दुसरी फोडली. देवाला थोडी जमिनीवर ओतली, बाकीची फिरतेय. तोंडाला वास येतोय का माझ्या? मला पण दिली. लाल औषधावर बरी लागली.

एको : म्हणजे घेतल्या. मामा, म्हणजे घेतल्या?

मामा : कोनादूला बोलावलं. तीनदा विचारलं. तीनदा हो म्हणाली. तिसऱ्यांदा जरा वैतागूनच म्हणाली, किती वेळा सांगू म्हणून. तेव्हा सगळे मोठ्यानं हसले. फुफूवाल्यांमुळं तुम्हाला ऐकू गेलं नसेल. आराबा, तू रडतेस कशाला आता? तुला आत बोलावलंय. सेर्वाबाई म्हणतात, खोकायला शिकवणारी बहीण मला बघायचीय नीट.

आई : मेले मी. काय तोंड घेऊन जाऊ? एको, माझं फडकं बघ, सरळ आहे का? बादलीवर चढले होते हे त्यांना कळलंय का रे दादा?

मामा : सगळ्यांना कळलंय.

एको : थांब आई. मामा, पण परात? तू इतका बोललास. परातीचा तळ झाकला असणार.

मामा : झाकला होता. एक झाकण बसेल एवढी जागा राहिली होती. सगळी बैठक तेवढ्या जागेकडे बघत होती. मीसुद्धा.

एको : आणि तरी?

मामा : नानांनी विचारलं, आमच्या घराचा नियम तुम्हाला ठाऊक होता. मग या मुलासाठी बोलायला दुसरा कुणी का नाही आणला?

आई : तेच विचारलं का ते छोटंसं? मग तू काय म्हणालास? भजनमास्तरांचं सांगितलंस?

मामा : मी म्हटलं, नाना, याच्या मागं उभं राहून बोलणारं कुणी नाही, बट मी.

एको : मामा.

मामा : सेर्वाबाईंनी झाकण उचललं. टाकायच्याच होत्या. नानांनी हात वर केला. म्हणाले, हा राहू दे.